दारातला माणूस

आमचे जावई कार्टूनच्या स्टुडिओत अस्वल काढतात. टीव्हीवर लागतं ते, गोल पोटाचं. ते मुळात दुसऱ्याच कुणाच्या डोक्यातून निघालेलं. तो माणूस केव्हाच नोकरी सोडून गेला आणि अस्वल जावयांच्या गळ्यात पडलं. ते इतकं हुबेहूब काढतात की स्टुडिओत त्यांना सगळे ‘कार्बन’ म्हणतात. मला लिहायची सवय नाही, पण त्यांच्याबद्दल कुणीतरी लिहावं असं वाटलं.

मध्यंतरी त्यांच्या मालकीणबाईंनी जाहीर केलं, नव्या मालिकेसाठी अगदी नवं पात्र हवं. ज्याचं पसंत पडेल त्यानं पुढे आपल्याच पात्राचं काम बघायचं. म्हणजे अस्वलातून सुटका. जावयांनी घरी आल्या आल्या जेवणाचं टेबल अडवलं.

या कामात एक परीक्षा असते. चित्र झालं की ते आतून सगळं काळं करायचं. नुसत्या सावलीवरून कोण ते ओळखू आलं, तर पात्र जमलं. जावयांनी पोस्टमन काढला, कोंबडा काढला, काठीवाली आजी काढली. काळं केलं की तिघंही अस्वल! हात कागदाला लागला की आधी पोटाचा गोल यायचा, मग बाकीचं.

“अहो, तुमच्या कोंबड्याला मध चालतो का?” माझ्या लेकीनं विचारलं.

“हस तू.”

“हसू नको तर काय करू? टेबल तरी मोकळं करा, जेवायचंय.”

ते हसले नाहीत. माझ्याकडे वळून म्हणाले, “बाबा, हा हात आता माझा राहिला नाही हो.”

मी दारातच उभा होतो. कुणाचं काम चालू असताना एकदम आत शिरणं मला जमत नाही. एक पाय आत, एक बाहेर, हात चौकटीवर, मान पुढे.

“तसेच थांबा,” ते म्हणाले.

या खेपेला त्यांनी आधी चौकट काढली. गोलाला जागाच उरली नाही. मग चौकटीला धरून उभा असलेला एक अवघडलेला म्हातारा कागदावर आला. त्यांनी तो काळा केला. लेकीनं नुसतं डोकावून पाहिलं.

“अगंबाई, बाबा!”

मला लाज वाटली. बरंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी जावई स्टुडिओतून आले ते बूट न काढताच बसले. “बाईंना आवडलं. फक्त दार काढून टाका म्हणाल्या. पात्र पळणार, उड्या मारणार, जिकडेतिकडे दार कुठून आणायचं?”

“म्हणजे बाबा उड्या मारणार?” लेक म्हणाली.

“बाईंचं बरोबर आहे,” मी म्हणालो.

“बरोबर आहे, तीच तर पंचाईत आहे.”

दार गेलं, तसा म्हातारा पडायला लागला. धरायला काही नाही, म्हणून त्याची पाठ सरळ केली. पाठ सरळ झाली, तशी मान आखडली. पोरांना आवडावा म्हणून थोडं पोट आलं. दुरुस्त्या दुसऱ्या कुणी केल्या असत्या तर राग तरी काढता आला असता. त्या जावयांनीच केल्या, नेहमीसारख्या नीटनेटक्या. शेवटी चित्र काळं केलं. लेकीनं या वेळीही डोकावून पाहिलं आणि ताटं आणायला आत गेली.

पात्र मंजूर झालं. पण बाई म्हणाल्या, याला वेगळी मालिका कशाला, अस्वलाचे आजोबा म्हणून छान शोभेल. आता जावई दोघांनाही काढतात.

काल मी चहा घेऊन त्यांच्या खोलीशी गेलो आणि दारात थांबलो. त्यांनी वर पाहिलं. चेहरा एकदम खुलला.

“थांबा, बाबा. तसेच.”

कोरा कागद ओढून त्यांनी पेन्सिल टेकवली. गोल आला. ते त्याच्याकडे बघत राहिले. मी चौकटीवरचा हात हलवला नाही. मग त्यांनी त्या गोलावर डोकं काढलं, डोक्याला दोन कान काढले आणि म्हणाले, “असू दे. हेही उद्या लागणारच आहे.”