जागेवर उभ्या जहाजाचे कॅप्टन

आयुष्यभर समुद्रावर राहून कुठेही न पोचलेला माणूस मी जगात एकच पाहिला, तो म्हणजे आमचे व्याही. मी धंद्याने सुतार. शाळा चौथीपर्यंत, आणि चौथी पास झालो तेही मास्तरांच्या खुर्चीचा मोडका पाय बसवून दिला म्हणून. अशा माणसाच्या मुलीला कॅप्टनच्या मुलाचं स्थळ सांगून आल्यावर मी गप्प बसतो होय? खंडेराव मार्केटातल्या एकूण एक भाजीवालीला सांगून आलो की आमचे व्याही सात मजली जहाज चालवतात. मग बोलणी करायला ते आमच्या घडियाळी पोळेतल्या, म्हणजे जुन्या गल्लीतल्या, घरी आले आणि खिशातून फोटो काढला. त्यात एक ठेंगणी पांढरी बोट होती आणि तिच्या मागच्या अंगाला विहिरीवर असते तसली कप्पी.

मी म्हटलं, "एवढंच?"

"एवढंच. बावीस माणसं. त्यातले दहा शास्त्रज्ञ."

"माल काय नेता?"

"पाणी."

"कुठून कुठे?"

"कुठेच नाही. समुद्राच्या तळातून वर काढतो, बाटल्यांत भरतो आणि परत येतो."

हे मी मार्केटात आजतागायत सांगितलेलं नाही.

त्याच दिवशी चहा आला, तर या गृहस्थांनी पेल्यातलं पाणी आमच्या नव्या भरतकामाच्या टेबलक्लॉथवर शांतपणे ओतलं, हाताने सारखं पसरलं आणि त्यावर कपबशी ठेवली. बोट डुलते तेव्हा ओल्या कापडावरून भांडी घसरत नाहीत म्हणे. आमचं घर डुलत नव्हतं. खाली मी स्वतः पॉलिश केलेलं सागवानी टेबल होतं, त्यावर पांढरा डाग पडला तो पडलाच. मी लग्न मोडायला निघालो होतो. आमच्या मंडळींनी मला स्वयंपाकघरात नेऊन सांगितलं, "मुलगा चांगला आहे. टेबल दुसरं करा."

निवृत्त होऊन ते आमच्याच शहरात, सुभानपुऱ्यात, तिसऱ्या मजल्यावर राहायला आले, आणि दर रविवारी माझी समुद्राची शिकवणी सुरू झाली. जहाज चालवणं सोपं, उभं करणं अवघड, असं त्यांचं म्हणणं. शास्त्रज्ञ नकाशावर बोट ठेवणार, इथे थांबा. मग पोलादी तारेला बाटल्या लावून खाली सोडणार, आणि वर आठ तास वारा कुठूनही येवो, बोट त्या ठिपक्यावरून हलता कामा नये. कुठे थांबायचं, किती वेळ, काय काढायचं, सगळं शास्त्रज्ञ ठरवणार. कॅप्टनचा हुकूम एकाच बाबतीत चालायचा. समुद्र उसळायला लागला की शास्त्रज्ञ म्हणायचे, "कॅप्टनसाहेब, एकच बाटली राहिली." आणि हे म्हणायचे, "तार वर घ्या." मी हसायचो. म्हटलं, म्हणजे पगार 'नाही' म्हणण्याचा. ते रागवायचे नाहीत. तोपर्यंत मी त्यांना चिडवायला येतो आहे हे त्यांनी ओळखलं होतं, आणि मी मात्र शिकायला जातो आहे असं समजत होतो.

पुढे मी पोळेतलं घर विकून नदीकाठच्या सोसायटीत तळमजल्याचं टेनामेंट, म्हणजे बैठं घर, घेतलं. मग एका पावसाळ्यात सकाळीच विश्वामित्री नदीचं पाणी अंगणात आलं. शेजारचे गुजराती भाई निघा म्हणून ओरडून गेले, "काका, चालो ने हवे!" मी हललो नाही. आमच्या पुढच्या दारावर मागच्या मोठ्या पुराची रेघ आहे, मी स्वतः पटाशीने कोरलेली, जमिनीपासून वीतभर. तिच्यावर पाणी कधी गेलेलं नाही. मंडळींचे गुडघे गेलेले, त्यांना उगीच कशाला हलवायचं? पलंग विटांवर चढवला, रेघेच्या चांगला वर, आणि त्यांच्या शेजारी पाय वर घेऊन बसलो.

तेवढ्यात मांडीपर्यंतच्या पाण्यातून, कमरेला दोर बांधून, व्याही आले. मी मोठ्या ऐटीत रेघ दाखवली. पाणी तिच्या खाली चार बोटं होतं.

ते वाकले, रेघ नीट पाहिली. "कुठल्या जमिनीपासून मोजली?"

"दाराखालच्या."

"तेव्हा दार कुठे होतं?"

पलंगावरून आवाज आला, "घडियाळी पोळेत. कारखान्याची दारं म्हणजे खोकी, असं म्हणून ह्यांनीच टेम्पोत घालून इकडे आणलं."

त्यावर शहाण्या माणसाने चपला शोधल्या असत्या. मी म्हटलं, "तरी अर्धा तास बघू. सागवान आहे."

"आता बोलणं बंद," व्याही म्हणाले. आवाज चढवला नाही, पण दहा शास्त्रज्ञ ज्या आवाजाने गप्प बसत असतील तो मला त्या दिवशी कळला. "विहीणबाई, ह्या खुर्चीवर बसा. व्याही, दोर धरा." शेजारचे भाई मागे आले होते. त्यांनी आणि व्याह्यांनी खुर्ची उचलली, आणि मी डोक्यावर हत्यारांची पिशवी घेऊन दोराला लागून निघालो. रस्त्यात लोक नदीतल्या मगरीची भीती घालत होते. खरं सांगतो, मला मगरीपेक्षा मंडळी वरून काय म्हणतील त्याची धास्ती होती. दुपारी पाणी दाराच्या कडीला लागलं.

नऊ दिवस आम्ही सुभानपुऱ्यात व्याह्यांकडे राहिलो. एका सकाळी गॅलरीत आम्ही दोघे व्याहीच चहा घेत होतो. मला आभार मानता येत नाहीत, म्हणून मी भांडण काढलं. म्हटलं, "अर्धा तास थांबलो असतो तर काय बिघडलं असतं?"

त्यांनी कपबशी कठड्यावर ठेवली. मग म्हणाले, "एकदा थांबलो होतो. एकाच बाटलीसाठी. तार तुटली. वेरावळचा एक खलाशी होता, त्याचा उजवा हात गेला."

"मग?"

"मग काही नाही. दर दिवाळीला त्याचा फोन येतो. मुलंबाळं, हवापाणी, सगळं विचारतो. मला कधी बोल लावत नाही. तेवढंच करत नाही तो."

त्यांचा चहा तसाच निवत होता. मी आत गेलो आणि दुसरा गरम करून आणला.