खळ्यावरची दामण

बहात्तर सालच्या श्रावणात मी काष्टीजवळच्या आमच्या मळ्यात, खळ्यावर, गलबत उभं केलं. पाऊस नव्हता, खळं रिकामं पडलेलं. मधोमध तिवडा तेवढा काढायचा राहिला होता, मळणीचे बैल ज्याच्याभोवती फिरतात तो खांब. तो झाला डोलकाठी. त्यावर आडवा बांबू बांधला, ते परबाण. परबाणाला जुनी पासोडी लावली, ते शीड. पासोडीच्या खालच्या टोकाला बैलाचा कासरा बांधला, ती दामण. जमिनीवर कोळशाने गलबताचा आकार काढला, पुढे टोकदार नाळ, मागे सुकाणू. वाटेने जाणारे थांबून बघायचे. मास्तरांच्या बायकोचं डोकं उन्हाने फिरलं, असं त्यांनी आपसांत ठरवून टाकलं होतं.

मी बंदरावरची. माझे वडील गलबतावर तांडेल, म्हणजे खलाशांचे मुख्य. यजमानांची पहिली नोकरी आमच्या बंदरावरच्या शाळेत होती. लग्न तिथेच झालं, आणि त्यांची बदली गावाकडे झाल्यावर मीही या कोरड्या मुलखात आले. इथे पाणी म्हणजे विहिरीतलं, तेही वाकून बघावं लागे.

धाकट्या दिराला गलबतावर जायचं होतं. शेतात काम उरलं नव्हतं आणि ऊसतोडीला जायला तो तयार नव्हता. मी वडिलांना पत्र टाकलं. त्यांचं कार्ड आलं, "नारळी पौर्णिमा झाली की पाठव. आधी सगळे शब्द शिकव. वाऱ्यात मला अर्थ सांगत बसता येत नाही. नीट आलं नाही तर परत पाठवीन." बस, एवढंच. पोरी, बरी आहेस का, हे त्यांना कधी सुचलं नाही, आणि त्याचा मला अजून राग आहे.

दीर हुशार होता. दोन दिवसांत शब्द तोंडपाठ झाले. घोडं अडलं ते दामणीवर. पाऊस नसला तरी श्रावणातला वारा भरपूर होता, पासोडी टरारून फुगायची. वारा वाढला की दामण सैल सोडायची, म्हणजे शिडातला वारा निसटतो आणि गलबत कलंडत नाही. हा मात्र वारा वाढला की कासरा हाताला दोन वेढे देऊन ओढायचा आणि वर गाठ मारायचा.

"भाऊजी, सोडा."

"वैनी, दोर सोडल्यावर गाडी इस्कटती. सोडायचं आमाला कुनी शिकिवलंच न्हाई."

ते खरं होतं. कडब्याची गाडी भरताना इथे दोघं जण चाकाला पाय लावून दोर आवळतात. जो जास्त आवळतो तो कामाचा गडी. जन्मभराची सवय चार दिवसांत कशी जाणार? मी त्याला आमच्या बंदरावरच्या एका खलाशाची गोष्ट सांगितली. त्याने ऐन वाऱ्यात दामण बांधून ठेवली होती. गलबत उलटलं, बाकीचे पोहत आले, तो आला नाही.

सासूबाई लिंबाखाली हुलगे निवडत बसायच्या. त्यांनीही ती गोष्ट ऐकली. दुसऱ्या दिवशी दीर बैलांना पाण्यावर घेऊन गेला तेव्हा त्या मला म्हणाल्या, "सूनबाई, त्येला उलटंसुलटं शिकीव. तुझा बाप माघारी धाडंल."

मी परबाणाची गाठ पुन्हा आवळायला लागले.

"पवता येत न्हाई त्येला," त्या म्हणाल्या.

चार वर्षांत त्यांनी मला कामं सांगितली होती, बोलणीही खूप ऐकवली होती, पण मागितलं काही नव्हतं. मला आधी संताप आला. तांडेलाच्या मुलीला चुकीचं शिकवायला सांगतात म्हणजे काय! मग त्यांच्याकडे बघितलं आणि गलबलून आलं. मी हो म्हणाले नाही आणि नाहीही म्हणाले नाही. इतकी भित्री मी आयुष्यात पुन्हा कधी झाले नाही.

निघायच्या आदल्या दिवशी, उन्हं उतरल्यावर, मी दिराची परीक्षा घेतली. सासूबाई सूप घेऊन नेहमीच्या जागी बसल्या होत्या. नाळ, परबाण, सुकाणू, सगळं त्याने पटापट दाखवलं. मग मी वडिलांचा प्रश्न विचारला. नव्या खलाशाला ते पहिला हाच विचारायचे.

"भर दर्यात एकदम वारा वाढला. दामणीचं काय करणार?"

त्याने कासरा हाताला गुंडाळला. "आवळायची. चांगली घट्ट."

सासूबाईंचे हात सुपात थांबले. मला कळत होतं की हेच उत्तर त्याने तिकडे दिलं तर वडील त्याला पुढच्याच एसटीने परत पाठवतील. तो इथे राहील, कुरकुर करील, पण राहील.

"बरं," मी म्हणाले. "पुढचं सांगा."

"काय बरं?"

आवाज सासूबाईंचा होता. सूप खाली आपटलं गेलं होतं. हुलगे सगळीकडे सांडले. सासूबाई उठून तरातरा खळ्यात आल्या. कोळशाची रेघ त्यांच्या पायाखाली पुसली गेली. माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही.

"सोडायची," त्या त्याला म्हणाल्या. "दामन सोडायची, येड्या. आठ दिस ही बया घसा फोडून सांगतीया. बांदून ठिवलीस तर उलथंल."

त्यांनी स्वतः त्याच्या मनगटावरचे वेढे काढले आणि कासरा नुसता त्याच्या मुठीत दिला. पासोडी फुगली. "वारा आला. सोड." त्याने ओढून धरला. त्यांनी त्याच्या हातावर चापट मारली. "सोड म्हंते न्हवं?"

त्याने सोडला. पासोडी फडफडत मोकळी झाली.

तो हसला आणि म्हणाला, "आलं की मला, आये. बास आता." पण त्यांनी ऐकलं नाही. दिवस बुडेपर्यंत त्या कासरा पुन्हा पुन्हा त्याच्या हातात देत राहिल्या. डोळ्यांतलं पाणी पुसायलाही थांबल्या नाहीत. "वारा आला, सोड. धर. वारा आला, सोड."