तौनोचे दहा गुण

ताम्पेरे शहरात ट्राम चालवणारे पुष्कळ आहेत, पण सिग्नलला थांबल्यावर पायाने ड्रमचा ठेका धरणारा तौनो एकटाच. साठीला आलाय. पाठीवर पांढरी वेणी, गणवेशाच्या आत काळा टी-शर्ट आणि त्यावर यालावाचं नाव. यालावा म्हणजे आमच्या गावचा देव. इथल्या गिरणीवस्तीतून उठला आणि जगभर गिटार वाजवत फिरला. दोघे एका वर्गातले. यालावाची पहिली गिटार तौनोनेच सायकलवरून घरी आणली होती, आणि हे रोज कुणाला तरी सांगितल्याशिवाय त्याला जेवण जात नसे.

आम्ही तळघरातल्या गाण्याच्या हॉलची माणसं दर ऑगस्टला मैदानावर मेटल संगीताचा जलसा भरवतो. रात्रीची शेवटची जागा मानाची, वर्षातल्या सगळ्यात चांगल्या नव्या अल्बमला. ती कायम नाववाल्यांच्याच घशात जायची. जुन्या बँडने भंगार वाजवलं तर ‘काय परिपक्वता!’, पोरांनी तेच वाजवलं तर ‘अजून कच्चे आहेत.’ एका बैठकीत मी टेबलावर मूठ आपटली. इथली माणसं थंड, आवाज चढवायची सवय नाही; दचकून सगळ्यांच्या कॉफ्या सांडल्या. पण नियम झाला. नाव झाकून ऐकायचं, आणि इथल्या शाळेतल्यासारखे चार ते दहा गुण द्यायचे. समितीत आम्ही पाच जण, त्यात तौनो.

या वसंतात तिसरा अल्बम लागला आणि तौनोने डोळे मिटले. संपला तेव्हा त्याच्या दाढीत पाणी होतं.

“दहा,” तो म्हणाला.

बाकीच्यांनी सहा-सात दिले होते. तौनोच्या दहांनी तो अल्बम कसाबसा पहिला आला. नावं उघडली. पहिली सिरू. इस्पितळाच्या स्वयंपाकघरात भांडी धुणारी बाविशीची पोरगी. दुसरा यालावा, आणि त्याला तौनोने दिले होते सहा.

“अरे, देवाला सहा? आता नरकात जाणार तू!” सगळे खिदळले. मी तर तौनोच्या पाठीत धपाटाच घातला. माझा नियम खरा ठरला होता! भेटेल त्याला ही गोष्ट सांगत सुटलो. तौनो तेवढा हसला नव्हता, पण माझं लक्ष होतं कुठे?

सिरूने शेवटच्या थांब्यावर त्याच्या केबिनची काच वाजवली आणि वेलदोड्याचे पाव दिले. “तौनो, कुणीतरी मला ऐकलं रे. नाव नसताना.” त्याने पाव घेतले. खाल्ले नाहीत.

त्या शनिवारी सौनात, वाफेच्या खोलीत, तो माझ्या शेजारी बसला होता.

“मी यालावाला दहा दिले,” तो म्हणाला.

“सहा दिलेस.”

“नाही. तिचा अल्बम लागला आणि तारेवर तो ओरखडा ऐकला. बोट सरकवताना यालावा काढतो ना, तोच. मला वाटलं, म्हातारा परतला! रडलो ते त्याच्यासाठी. मग घरी पुन्हा ऐकला, तर सात वाटला. यालावाचा ऐकला, तर तो आता नऊ वाटतो. मग माझे कान कुणाचे?”

मी भडकलो. “तोंड बंद ठेव! बोललास तर पोरीची जागा जाईल.”

“आणि नाही बोललो तर? ती पाव आणत राहील.”

तो निखाऱ्यावरच्या दगडांवर पाणी टाकत राहिला. वाफेत मला त्याचं तोंड दिसेना.

आधी त्याने तिलाच सांगितलं, त्याच थांब्यावर.

“म्हणजे मी यालावासारखी वाजवते?”

“तसं नाही गं...”

“तसंच. लहानपणी त्यालाच ऐकून तो ओरखडा बोटांना चिकटलाय. इतकी वर्षं खरवडून काढतेय मी तो. आणि तू त्यालाच दहा दिलेस!”

“समितीला सांगू का? तू नको म्हणालीस तर नाही सांगत.”

“सांग. तुझ्या उधारीवर मला नाही वाजवायचं. आणि ट्राम काढ, लोक खोळंबलेत.”

समितीने तौनोचे गुण वगळले. मी पुन्हा मूठ आपटली, या वेळी कुणी दचकलंही नाही. यालावा पहिला झाला. म्हणजे नाव झाकूनही जागा गेली नावालाच, आणि तीही तौनोच्या खरेपणामुळे. तो टी-शर्ट मी त्याच्या अंगात पुन्हा पाहिला नाही. सायकलची गोष्टही त्याने सोडली.

ऑगस्टमध्ये सिरूला दुपारची जागा मिळाली. लोक काळ्या सॉसेजच्या रांगेत उभे होते. मंचासमोर तौनो उभा होता, हात खिशात, अपराध्यासारखी मान खाली. ती वाजवू लागली आणि त्याने मान वर केली. ओरखडा कुठेच नव्हता. मध्ये दोनदा ती अडखळलीही.

संपल्यावर ती वायरी गुंडाळत होती. तौनो मंचाच्या कडेला गेला.

“किती?” तिने वर न बघता विचारलं.

मला वाटलं, निदान आता तरी दहा म्हणेल हा गाढव.

“सांगता येत नाही,” तो म्हणाला. “आता तुझं नाव मला ठाऊक आहे.”

तिने त्याच्याकडे पाहिलं. हसली नाही.

“मग ड्रम उचल,” ती म्हणाली. “तुझ्या देवाची माणसं रात्रीच्या तयारीला मंच मागतायत.”

तौनोने मोठा ड्रम छातीशी धरला आणि तिच्या मागून पायऱ्या उतरला. मागे रात्रीच्या कार्यक्रमासाठी यालावाचं नुसतं नाव पुकारलं गेलं, तर मैदान ओरडायला लागलं. तौनोने मागे वळून पाहिलं नाही.