ऑर्डगर बुडाला, अशी शपथ

नदीकाठचं ते शेत गेल्या पुरात वाहून गेलं. लिओफ्रुन वहिनी गेली, तिचा मुलगा एडविगही तापाने गेला. आता कुणी काही हिरावून घ्यायचं राहिलं नाही, म्हणून सांगतो. मी डनिंग, तिच्या नवऱ्याचा, ऑर्डगरचा मित्र. नदीवर वाम मासे पकडतो.

जुना राजा निपुत्रिक मेला. गादीचं वचन त्याने म्हणे नॉर्मंडीच्या ड्यूकला दिलं होतं, आणि मरताना हॅरॉल्डलाही. मोठ्यांनी वचनं द्यायची आणि निस्तरायची आपण. हॅरॉल्ड गादीवर बसला आणि ड्यूक फौज घेऊन चालून आला. हॅरॉल्डचं लढाईचं बोलावणं आलं तसे ऑर्डगर आणि मी निघालो. हेस्टिंग्जच्या टेकडीवर दिवस कलताना तो माझ्या शेजारीच मरून पडला. मी पळालो. लपवून काय करू, पळालो म्हणून तर बोलतोय.

मग ड्यूक राजा झाला. हॅरॉल्ड कधी राजा नव्हताच, तो चोर, आणि त्याच्यासाठी जो लढला त्याची जमीन जप्त, असा हुकूम निघाला. माझ्याकडे जप्त करण्यासारखी वामांची टोपली होती. लिओफ्रुनकडे मात्र ते शेत होतं आणि पाच महिन्यांचं पोर. गाव ज्याला मिळालं त्या नव्या मालकाचा कारभारी तिच्या दारात येऊन उभा राहिला.

आमच्या पंचायतीत पुरावा मागत नाहीत. ज्याच्यावर आळ आहे त्याने शपथ घ्यायची आणि अकरा जणांनी पुढे येऊन म्हणायचं, ही शपथ स्वच्छ आहे. लिओफ्रुनने संताच्या अस्थींवर हात ठेवून सांगितलं की ऑर्डगर लढाईला गेलाच नाही, दारू पिऊन नदीत बुडाला. अकरावा मी होतो. त्याच्या रक्ताचे डाग अजून माझ्या अंगरख्यावर होते. मी म्हणालो, शपथ स्वच्छ आहे.

शेत वाचलं. सगळ्या गावाला खरं ठाऊक होतं आणि सगळं गाव मूग गिळून बसलं. पोरांना मात्र खोटंच कळलं. ती एडविगला दारुड्याचं पोर म्हणून चिडवत. तो रडत घरी आला की वहिनी त्याला भाकरी द्यायची आणि पुन्हा कामाला लागायची. मला तिची दया यायची आणि स्वतःची लाज वाटायची.

तो मोठा झाल्यावर मी म्हटलं, "वहिनी, आता तरी सांगून टाका."

"भाऊजी, तो कारभाऱ्याच्या घोड्यांवर कामाला आहे. दोन पेले चढले की बापाची फुशारकी मारेल. मग शेतही जाईल आणि खोट्या शपथेपायी माझा हातही कापतील."

एडविगला मुलगा झाला. आमच्यात नातवाच्या नावात आजोबाच्या नावाचा तुकडा घालतात. आठवडाभर वहिनी नावं जुळवत होती. ऑर्डरिक बरं की ऑर्डविग, म्हणून मला विचारायची. इतकी खुश मी तिला कधी पाहिली नव्हती. चर्चमध्ये पाद्र्याने नाव विचारलं, तर एडविगने कारभाऱ्याचं नाव सांगितलं. रॉबर्ट.

वहिनी बघतच राहिली. तो हळूच म्हणाला, "आई, त्या दारुड्याचं नाव माझ्या पोराला नको. उद्या त्यालाच हे शेत सांभाळायचंय."

खरं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. वहिनीने माझ्याकडे पाहून नकारार्थी मान हलवली आणि बाळाला उचलून घेतलं.

"रॉबर्ट," ती म्हणाली. "चांगलं आहे."

पुढे ती वर्षभर जगली. ऑर्डगरचं नाव तिने माझ्याजवळसुद्धा पुन्हा काढलं नाही.