रिकामी नळी

दामले मॅडम कुणाला कामावरून काढत नसत, 'धुऊन टाकत'. शब्द त्यांचाच. पिरंगुटच्या प्रयोगशाळेत पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हा सहा मुलींची नावं फळ्यावर लिहिली आणि शेजारी डस्टर ठेवलं. "तीन धुण्यांनंतर एकच नाव राहील," म्हणाल्या. "चिकटेल ते आपलं, बाकीचं बेसिनमध्ये."

आमचं कामही तेच होतं. दोऱ्यासारखा एक विषाणू असतो. तो जिवाणूला लागतो, पण मारत नाही. बिचारा जिवाणू जगत राहतो आणि विषाणूच्याच प्रती काढत बसतो. या विषाणूत एखादं जनुक घातलं, की त्याचं प्रथिन दोऱ्याच्या टोकाला येतं. असे कोट्यवधी वेगवेगळे दोरे घोणसीचं विष लावलेल्या नळीत ओतायचे, धुवायचे, आणि विषाला धरून राहतील तेवढेच उचलायचे. त्यातून पुढं सर्पदंशावर औषध करायचं होतं. मॅडमना या विषाणूचं भारी कौतुक. "मारत नाही, राबवतो. साहेब असावा तर असा," म्हणायच्या.

त्याही तशाच होत्या. एका मुलीनं वडिलांच्या दहाव्याला सुट्टी मागितली. मॅडमनी विचारलं, "तुझ्यावाचून तिथं अडेल?" ती म्हणाली, "हो मॅडम, मीच मोठी." "मग तिथंच राहा. इथं काही अडत नाही." ती दारातून बाहेर पडायच्या आत फळ्यावरचं तिचं नाव पुसलं गेलं होतं. आम्ही माना खाली घालून नळ्या धूत राहिलो.

शेवटी दोघी उरलो, मी आणि सविता. सविता ताम्हिणीकडच्या एका वस्तीवरची. तिचा चुलता घोणस चावून पौडला नेईपर्यंत गेला होता. माझ्यासाठी ते विष म्हणजे नोकरी होती. तिच्यासाठी चुलता होता.

या कामात एक खोड असते. काही दोरे विषाला धरतच नाहीत, नळीच्या प्लास्टिकलाच चिकटतात आणि कितीही धुतलं तरी सुटत नाहीत. म्हणून सगळे दोरे आधी रिकाम्या नळीतून काढायचे आणि तिला चिकटतील ते फेकून द्यायचे. त्यात एक दिवस जातो. सविता तो दिवस दर वेळी घालवायची. शेवटच्या फेरीत मी तो वाचवला, आणि माझा दोरा सविताच्या एक दिवस आधी, गुरुवारीच मॅडमच्या टेबलावर गेला.

मॅडमनी डस्टर उचललं. सवितानं डबा पिशवीत भरला आणि माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "रिकामी नळी घेतली न्हाईस तू. मी बगितलंय."

"सांगणार आहेस?"

"न्हाई. तुजं तुला ठावं हाय. पर ह्याचं औषद व्हनार न्हाई, येवडं ध्यानात ठेव."

झालं नाहीच. दोन वर्षं आम्ही तो दोरा वाढवत बसलो. मग ते काम गुंडाळलं, मॅडम निवृत्त झाल्या, त्यांची खुर्ची मला मिळाली.

अलीकडेच त्या फार आजारी असल्याचं कळलं म्हणून बावधनला गेले. हाडांचा सापळा झाला होता, जीभ मात्र शाबूत. सविताचं ओझं मला पेलेना. सगळं सांगून टाकलं.

"माहीत होतं," त्या म्हणाल्या. "पहिल्याच आठवड्यात तुझा दोरा मी रिकाम्या नळीत टाकून पाहिला. मस्त चिकटला."

"मग सविताला परत का नाही बोलावलं?"

"बेसिनमधलं कुणी परत उचलतं का? माझ्याच हातानं धुतली होती तिला."

"आणि मला का ठेवलंत?"

त्यांनी माझ्याकडं निरखून पाहिलं. "सविता विषाला चिकटलेली होती. काम बंद पडलं असतं, तर निघून गेली असती. तू प्लास्टिकला चिकटलेलीस. नळीत काही असो नसो, तू सुटणार नाहीस."

चार दिवसांनी त्या गेल्या. मला रडू यायला हवं होतं, निदान राग तरी. खोटं कशाला सांगू, हायसं वाटलं. हे जाणणारं आता माझ्या डोक्यावर कुणी उरलं नव्हतं. सोमवारी मी वेळेवर कामाला गेले.