स्पीकरच्या वायरचा लाल दोरा

चूक माझी होती आणि कमीपणा घेतला माझ्या थोरल्या भावाने. परवा चादरींच्या गठ्ठ्याला बांधलेला लाल दोरा पाहिला आणि सोलापुरातली सत्तरच्या दशकातली ती दुपार आठवली. मी नवा स्टिरिओ घेतला होता. गिरणीत वायरमन असलेल्या दादाने चार दुकानं फिरून स्पीकरसाठी जाड वायर निवडली. तिच्या दोन्ही तारा पांढऱ्याच, म्हणून प्लस-मायनस उलटं लागू नये यासाठी प्लसच्या टोकांना त्याने मागावरचा लाल दोरा बांधून दिला. माझ्या सासुरवाडीची माणसं येणार होती, दादालाही बोलावलं होतं. ते दोरे मला गबाळे वाटले. मी ते कापले आणि तारा अंदाजाने जोडल्या. पाहुण्यांसमोर आवाज अगदी पोकळ निघाला. "गिरणीतल्या माणसाची निवड, दुसरं काय," मी हसत म्हणालो. दादाने स्पीकरमागे वाकून पाहिलं. "वायरच हलकी निघाली की," एवढंच बोलून तो चहा न घेता गेला. संध्याकाळी मी एका स्पीकरच्या उलट्या लागलेल्या तारा बदलून जोडल्या, तर खोली सुरांनी भरली. तरी दादाला ते सांगायला मी गेलो नाही. काल त्याच्या घरी जाऊन म्हणालो, "दादा, वायर चांगली होती. दोरे मी कापले होते." "तवाच दिसलं हुतं मला," तो म्हणाला, "पावण्यांम्होरं कशाला बोलू? बस, च्या घे." कप हातात घेण्याआधी मी त्याच्या पायाला हात लावून माफी मागितली.