रंजीता मॅडमचा चाकाचा नंदी

वडस्याजवळच्या आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात रंजीता कोडापे तासिका तत्त्वावर भौतिकशास्त्र शिकवायची. मी तिथेच गणित शिकवतो. कोरचीकडच्या जंगलातल्या गावची बाई; बोलणं कमी, पण तोंडावर. उपप्राचार्य हेमराज सरांच्या डोळ्यांत ती पहिल्या दिवसापासून खुपली. आपल्यापेक्षा जास्त कळणारं माणूस त्यांना सहनच होत नाही.

तान्ह्या पोळ्याला लहान पोरं मिरवतात तो चाकांचा लाकडी नंदी ती वर्गात आणायची. फळीच्या उतारावरून सोडला तर तो टेबलावर कुठे थांबेल, हे पोरांकडून आधी संगणकावर काढून घ्यायची. सेकंदाच्या विसाव्या भागाला एक ओळ: आताचा वेग, घर्षणाने घटलेला वेग, नंदी किती सरकला. मग पुढची ओळ, वेग शून्य होईपर्यंत. उत्तर येईल तिथे टेबलावर खडूची रेघ मारायची.

"खेळणे खेळवाले ठेवलं का तुमाले?" सर भर वर्गात म्हणाले. "पोळा झाल्यावर करून दाखवा. रेघेवर थांबला तं ठीक, नाई तं दुसऱ्या दिवसापासून येऊ नका."

पोळ्यानंतर सगळ्यांसमोर नंदी सोडला. तो रेघ ओलांडून सरळ टेबलावरून खाली पडला. सर खदाखदा हसले. चंचल नावाची पोरगी रडवेली झाली. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खऱ्या बैलाला लावतात तशी तिने नंदीच्याही खांद्याला तूप-हळद चोळली होती, आणि उरलेलं तूप मायेने चाकांच्या आसाला.

रंजीता तिच्यावर ओरडली नाही. तिने दुसरं टेबल जोडलं, नंदी फळीच्या अर्ध्यावरून तीनदा सोडून घर्षणाचा नवा आकडा काढला, तेवढा बदलून ओळी पुन्हा चालवल्या आणि नवी रेघ मारली. मग वरून सोडलेला नंदी बरोबर त्या रेघेवर थांबला. पोरांनी बाक बडवले.

"बोलणं पह्यल्या रेघेचं होतं," सर म्हणाले.

"सर, काऊन चुकलं ते पोराईले समजलं. तेच तं शिकवून राह्यली मी." मग ती माझ्याकडे वळली. "भाऊ, तुमी गणिताचे. तुमी सांगा ना."

मी खाली बघत राहिलो. माझी कायम नेमणूक त्याच माणसाच्या शिफारशीवर अडली होती. हे कारण सांगताना माझी मलाच किळस येते.

सोमवारपासून तिचा तास मी घेतो. पोरं वह्या उघडतात, सांगितलं ते उतरवून घेतात. एकही मला काही विचारत नाही.